सासऱ्यांचं हत्यार, माझा अंगठा

माझ्या हातून चूक होत नाही. ही बढाई नाही, माहिती आहे. रोज संध्याकाळी पान छापायला सोडायचं आणि सकाळी त्यातली चूक अख्ख्या गावाने चहाबरोबर चघळायची, अशा धंद्यात केस पांढरे केलेल्या माणसाला चुका परवडत नाहीत. आमच्या दैनिकात जिवंत माणसाच्या नावामागे ‘कै.’ लागलेलं नाही. एकदा लागलं होतं, पण त्या गृहस्थांनी दुसऱ्याच दिवशी ते खरं करून दाखवलं. त्यामुळे ती चूक कोणी धरत नाही. उलट बातमी सर्वांच्या आधी दिल्याबद्दल आमचं नाव झालं.

सांगायचा मुद्दा असा, की सासऱ्यांनी ती लाकडी पेटी माझ्या हातात दिली तेव्हा मी निश्चिंत होतो.

सासरे डॉक्टर. आता निवृत्त. पण एके काळी हे गाव आणि आसपासच्या वाड्यावस्त्या मिळून एकच डॉक्टर होते, ते हे. त्यांच्या नावाची एक खोली त्या संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर उघडायची होती. त्यांची तपासायची खाट, वजनकाटा, पांढरी तामचिनीची भांडी आधीच तिथे जाऊन बसली होती. मधोमध काचेची एक पेटी मात्र रिकामी ठेवली होती. ती या हत्यारासाठी.

हत्यार टॉन्सिल काढायचं. वीतभराहून लांब पोलादी दांडा, पुढच्या टोकाला लांबट कडं आणि त्या कड्यात सरकणारं पातं. मागच्या टोकाला बोटं घालायच्या कड्या. पुढचं कडं घशात घालायचं, टॉन्सिल त्यात आला की अंगठ्याने दांडा दाबायचा. खटक. संपलं. पातं केव्हाच गंजून घट्ट झालं होतं, आता त्याने लोणीही कापलं नसतं. पण गावात उताराला लागलेला एकही गळा असा नव्हता, ज्याची या हत्याराशी जवळून ओळख नव्हती.

“नीट न्या,” डॉक्टर म्हणाले. “पाडू नका. पुसू नका. आणि अंगठ्यात घालून बघू नका.”

“छे हो, डॉक्टर.”

“तुमचं काय सांगावं, पेपरवाले.”

लग्न झाल्यापासून मी त्यांच्या लेखी ‘पेपरवाले’. बाकीच्या घरांत सासरे जावईबापू म्हणतात, पाठीवर हात ठेवतात. हे लोकांना ओळख करून देताना म्हणणार, “ही माझी मुलगी, आणि हे पेपरवाले.” ऐकणाऱ्याला वाटावं, मी बिल मागायला थांबलोय. म्हणूनच ती पेटी हातात आली तेव्हा मनाशी ठरवलं, की आज या माणसाला दाखवून द्यायचं. हत्यार वेळेवर पोचेल, त्याखालचं कार्ड अचूक असेल, आणि डॉक्टरांना निदान एकदा माझं नाव घ्यावं लागेल.

दुपारी जेवण झाल्यावर कार्ड लिहायला बसलो. पंखा फिरतोय की खोली फिरतेय ते नीट कळत नाही, अशी ती वेळ. पडद्यातून आलेलं ऊन टेबलावर दुधासारखं सांडलं होतं आणि त्यात ते हत्यार एखाद्या मोठ्या, सभ्य, चकचकीत किड्यासारखं पहुडलं होतं. मी लिहिलं, ‘मागचं मोठं कडं अंगठ्यासाठी.’ आणि पेन थांबलं.

ही माहिती मला एकाच माणसाकडून मिळाली होती. माणूस कितीही मोठा असो, दुसरीकडून खात्री झाल्याशिवाय मजकूर सोडायचा नाही, हा आमच्याकडचा नियम. या नियमाने मोठमोठ्यांच्या अफवा मी पानाबाहेर ठेवल्या आहेत. दुसरा साक्षीदार शोधायला लांब जायची गरज नव्हती. तो माझ्याच हाताला होता.

अंगठा आत गेला. इतका अलगद, की जणू आजवर तो दुसरीकडे भाड्याने राहत होता. माहिती बरोबर निघाली. मी समाधानाने अंगठा बाहेर ओढला.

अंगठा आला नाही.

“अहो, काय झालं?” आतून बायकोचा आवाज आला.

“काही नाही. मजकूर तपासतोय.”

“मजकूर तपासताना आई गं कोण म्हणतं?”

ती बाहेर आली. तिने माझा हात पाहिला, मग माझा चेहरा पाहिला, मग पुन्हा हात पाहिला, आणि साबण आणायला गेली. साबण झाला, तेल झालं, बर्फ झाला. अंगठा स्वच्छ झाला, तुकतुकीत झाला, गार झाला, सुटला नाही. फार बडदास्त ठेवलेल्या पाहुण्यासारखा तो लाल होऊन, टम्म फुगून बसला आणि जायचं नाव काढेना.

“लग्नातली अंगठी आठवड्यात ढिली झाली म्हणून काढून ठेवलीत,” बायको म्हणाली. “हे बरं पोटच्या पोरासारखं चिकटलंय.”

“ओढ जरा.”

“ओढलं तर खांदा हातात येईल. बाबांना विचारू का?”

“नको.”

“त्यांचंच हत्यार आहे. त्यांना ठाऊक असेल.”

“म्हणूनच नको. इतक्या वर्षांत त्यांनी विश्वासाने माझ्या हाती दिलेली ही पहिली वस्तू आहे.”

“पहिली?” बायको म्हणाली.

तिने अशा नजरेने पाहिलं, की मी टॉवेल उचलला, हाताला गुंडाळला आणि घराबाहेर पडलो.

सोनाराकडे निघालो होतो. बोटात अडकलेल्या अंगठ्या त्याने अनेकांच्या काढल्या होत्या. रस्ता झोपेत होता. दुकानांची दारं अर्धवट लोटलेली, खुर्च्यांवर माणसांऐवजी त्यांचे शर्ट बसलेले, आणि एक कुत्रं सावलीबरोबर इंच इंच सरकत होतं. अशा दुपारी पावलांचा आवाजसुद्धा आपला वाटत नाही. टॉवेलातला हात पुढे धरून मी चाललो होतो, आणि हात माझा नसून मीच कोणाच्या तरी हाताचा आहे असं वाटत होतं.

“काय संपादक, हाताला काय?” सोनार म्हणाला. “कुत्रं चावलं?”

“कडं अडकलंय.”

“हात्तिच्या. आत्ता करवत लावतो आणि कापतो.”

“कडं कापायचं नाही.”

“मग अंगठा कापू?”

“दोन्ही नाही.”

“तसलं काम आमच्याकडे होत नाही,” तो म्हणाला, आणि बघू तरी म्हणत त्याने टॉवेल सोडला.

त्याच्या हातातली लहान करवत टेबलावर पडली. तो हळूहळू स्टुलावर बसला आणि त्याचं तोंड उघडलं. आश्चर्याने नव्हे. नीट, पूर्ण, जीभ खाली दाबून, मान मागे टाकून. आत पडजिभेपर्यंत सगळं दिसत होतं, फक्त टॉन्सिल नव्हते.

“मिटा,” मी म्हणालो.

त्याने मिटलं. डोळे मात्र दुसरीकडेच होते.

“भिंत निळी होती,” तो म्हणाला. “खालून अर्धी निळी, वर पांढरी. मी आईच्या मांडीवर. डॉक्टर म्हणाले, बाळा, खिडकीतला पक्षी बघ. खिडकीत पक्षी नव्हताच, संपादक. पण मी अजून बघतोय.”

शेजारचा शिंपी गळ्यात टेप अडकवून काही मागायला आला होता. तो दारातच थबकला, माझ्या हाताकडे पाहत राहिला, आणि त्याचंही तोंड उघडलं. मी त्यालाही मिटायला सांगितलं.

“बुधवार होता,” शिंपी म्हणाला.

“बुधवारच,” सोनार म्हणाला. “आणि मग आईस्क्रीम.”

“चमचा इतका गार होता, की ओठाला चिकटायचा.”

दुकानातली लहानमोठी घड्याळं आपापल्या वेळेने टिकटिकत होती. माझा अंगठा ठणकत होता, पण त्या शांततेत ओरडणं बरं दिसलं नसतं.

“माझे फार वाईट होते,” शेवटी सोनार म्हणाला. “डॉक्टर म्हणाले होते, असे टॉन्सिल मी उभ्या जन्मात पाहिले नाहीत.”

शिंप्याने मान वर केली. “ते मला म्हणाले होते.”

“तुझी काहीतरी गल्लत होतेय.”

“माझी कशाला? आमच्या आईने शेजारीपाजारी सगळ्यांना सांगितलं होतं.”

“तू रांगेत माझ्या मागे होतास. आधी मला म्हणाले.”

“मग माझे बघून त्यांनी मत बदललं असेल.”

एकच वाक्य एकाच माणसाने दोघांना म्हटलेलं ऐकून माझे कान टवकारायला हवे होते. एरवी टवकारले असते. पण त्या दिवशी माझी सगळी बुद्धी अंगठ्यात उतरली होती आणि तिथे तिला जागा पुरत नव्हती.

तेवढ्यात नगराध्यक्ष बाई आल्या. संध्याकाळी खोलीचं उद्घाटन त्यांच्याच हस्ते होतं आणि साडीला लावायची पिन त्यांनी सोनाराकडे दुरुस्तीला टाकली होती. बाईंच्या सभेत भल्याभल्यांची तोंड उघडायची हिंमत होत नाही. त्यांनी माझा हात पाहिला, आणि स्वतःचं उघडलं.

“बाई, मिटा,” मी शक्य तितक्या आदराने म्हणालो.

“कुठून आलं हे?” त्या कुजबुजल्या. आवाज पार लहान मुलीचा झाला होता. “मी रडले नव्हते. डॉक्टर मला म्हणाले होते...”

“असे टॉन्सिल उभ्या जन्मात पाहिले नाहीत,” सोनार आणि शिंपी एका सुरात म्हणाले.

बाईंनी दोघांकडे पाहिलं. “तुम्हाला कसं माहीत?”

शिंपी गळ्यातला टेप गुंडाळायला लागला.

“चला,” बाई म्हणाल्या. आवाज पुन्हा नगराध्यक्षांचा झाला. “डॉक्टरांनाच विचारू.”

“ते झोपले असतील,” मी म्हणालो. “वय झालंय. संध्याकाळी कार्यक्रम आहे. शिवाय माझा हा...”

“तुमचा हा अंगठाही दाखवू. पुढे व्हा.”

अशा रीतीने मी, ज्याला ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवायची होती, पुढे हत्यार उंच धरून आणि मागे तिघांना घेऊन डॉक्टरांच्या घरी निघालो. वाटेत दोन खिडक्या उघडल्या. दोन्हींत तोंडं उघडली. मी मिटा म्हणायचं सोडून दिलं.

डॉक्टर व्हरांड्यात आरामखुर्चीत झोपले होते. बायको माझ्याआधीच पोचली होती आणि हाताची घडी घालून खांबाला टेकली होती.

“तू त्यांना सांगितलंस?”

“नाही. तुम्ही इथेच येणार हे ठाऊक होतं. म्हटलं, चहाचं आधण तरी ठेवावं.”

आमच्या बोलण्याने डॉक्टरांचे डोळे अर्धे उघडले. समोर पायरीवर ओळीने उभी माणसं, आणि त्यांच्या पुढे एका हातात अडकलेलं ते हत्यार. ते हसले. इतकं मऊ हसू मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. मला पाहून तर नाहीच.

“पुढचं कोण आहे?” ते म्हणाले. “ये. भिऊ नको. तो खिडकीतला पक्षी बघ.”

नगराध्यक्ष बाई पुढे झाल्या, डॉक्टरांसमोरच्या चौरंगावर बसल्या आणि त्यांनी आ केला. वर कौलांत खरंच कुठलासा पक्षी होता की काय कोण जाणे, सोनार आणि शिंपी तिकडे बघत उभे राहिले. डॉक्टरांनी उजवा हात उचलला. तो रिकामा होता. त्यांनी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं, मग माझ्या अंगठ्याकडे, आणि ते जागे झाले.

“पेपरवाले.”

“हो, डॉक्टर.”

“घातलंत.”

“खात्री करत होतो.”

“झाली?”

“झाली.”

मी खाली मान घालून उभा राहिलो. ते रागावले नाहीत. त्यांनी माझा हात ओढून मांडीवर घेतला आणि अंगठा इकडून तिकडून वळवून पाहिला, जुना मित्र म्हातारपणी भेटावा तसा.

“ओढू नका. दुपारी नाही निघत. संध्याकाळी गार वारं सुटलं की आपोआप सुटेल.”

“तुम्हाला आधीच ठाऊक होतं?”

“मला नाही तर कोणाला? माझाही असाच बसायचा. दर बुधवारी.”

“कडं घासून का नाही घेतलंत, बाबा?” बायकोने विचारलं.

“घासायला द्यायचं तर आधी अंगठ्यातून निघायला हवं. आणि निघालं की त्या आनंदात मी विसरायचो. पुढच्या बुधवारी आठवायचं. घातल्यावर.”

“मग दिवसभर तुम्ही काय करायचात?”

“काय करणार? त्या हाताने नाडी बघता येईना, लिहिता येईना, जेवता येईना. एकच काम करता यायचं.” डॉक्टर थांबले. “मग निघेपर्यंत तेच करायचो.”

आत चहाचं पाणी खळखळायला लागलं.

“म्हणजे माझे टॉन्सिल...” नगराध्यक्ष बाई म्हणाल्या.

“तुम्ही घशासाठी आलाच नव्हता. आईबरोबर आला होता. त्यांचा कान दुखत होता.”

“आणि माझे?” सोनार म्हणाला.

“तुझी आई औषधाची रिकामी बाटली परत द्यायला आली होती.”

शिंपी पुढे सरकला. त्याच्या डोळ्यांत अजून आशा होती. “माझे तरी खरंच वाईट होते ना, डॉक्टर?”

डॉक्टरांनी बराच विचार केला. “तू खोकलास,” ते म्हणाले. “दाराबाहेर. मी ऐकलं.”

“मग असे टॉन्सिल उभ्या जन्मात पाहिले नाहीत, ते काय होतं?” बाईंनी विचारलं.

“ते खरं होतं. इतके निरोगी टॉन्सिल डॉक्टरला एरवी कुठे बघायला मिळतात?”

एक माणूस आयुष्यभर गावाच्या घशात उतरून बसला होता, मानाने. आज त्याच्या नावाची खोली उघडायची, आणि आजच, मी एक ओळ पक्की करायला गेलो म्हणून, सगळं नगराध्यक्ष बाईंच्या गळ्याशी येऊन थांबलं होतं. बाईंचा हात खरोखरच गळ्यावर होता. डॉक्टर खुर्चीत एकाएकी फार लहान दिसायला लागले.

“उद्घाटन नको असेल तर तसं सांगा,” ते म्हणाले. “वाचनालयात मी निरोप पाठवतो.”

मी तोंड उघडलं, पण काय बोलावं ते सुचलं नाही, तेव्हा मिटलं. त्या दुपारी हे सगळ्यांचंच चाललं होतं.

“आईस्क्रीम,” बाई शेवटी म्हणाल्या. “ते तरी माझ्यासाठीच होतं ना?”

“ते खरं होतं. माझी बायको करायची. बुधवारी सकाळपासून.”

“मला आत बोलावून भांडं चाटायला दिलं होतं त्यांनी.”

“ज्या रडत नसत, त्यांना द्यायची ती.”

बाईंनी गळ्यावरचा हात काढला, पदर सारखा केला आणि त्या उठल्या. “संध्याकाळी वेळेवर या, डॉक्टर. लोकांना खोळंबलेलं मला आवडत नाही.” पायरीवर थांबून त्या म्हणाल्या, “तशी त्यानंतर माझ्या घशाची कधी तक्रार नाही.”

“कशी असेल,” डॉक्टर पुटपुटले, पण चहा आला होता आणि त्यांनी ते कपात म्हटलं.

संध्याकाळ झाली; वारं काही सुटलं नाही. वाचनालयाचे ग्रंथपाल जिन्यात मला अडवून उभे राहिले. लोक वर जमलेत आणि काचेची पेटी रिकामी आहे. मधोमध. तिच्याकडे बघतच सगळे आत शिरणार.

“रिकामी कशी दाखवायची?” ते म्हणाले. “त्यापेक्षा वर कापड टाकतो.”

“पेटी मागून उघडते ना?” मी विचारलं.

उघडत होती. मागे बसायला डॉक्टरांच्या दवाखान्यातली खुर्चीही होती. माझ्या शर्टावर तेल सांडलं होतं म्हणून बायकोने तिथल्याच खुंटीवरचा डॉक्टरांचा पांढरा कोट मला चढवला. मी खुर्चीत बसलो, कोपरापर्यंत हात पेटीत घातला आणि मखमलीवर ठेवला. ग्रंथपालांनी कार्ड समोर उभं केलं. ‘मागचं मोठं कडं अंगठ्यासाठी.’ त्याखाली बायकोच्या अक्षरात भर पडली होती, ‘खात्री केली आहे.’

“हलू नका,” ग्रंथपाल म्हणाले, आणि दार उघडलं.

बाईंनी फीत कापली. त्या छान बोलल्या. बुधवारांबद्दल चकार शब्द काढला नाही. माणसं रांगेने पेटीसमोरून जाऊ लागली, आणि वयस्कर होती ती समोर आली की क्षणभर थांबत, आ करत, आणि पुढे सरकत. इतकी तोंडं समोर उघडून मिटताना पाहिली की माणसाला पाण्याखाली बसल्यासारखं वाटतं. दिव्यांभोवती पिवळट धुकं दिसू लागलं, बोलणी लांबून येऊ लागली. मी डोळे उघडे ठेवूनच कुठेतरी तरंगायला लागलो. मग खिडकीतून गार वारं आलं आणि पेटीतल्या पेटीत माझा अंगठा अगदी अलगद, कोणी हात सोडावा तसा, सुटला.

आता उठावं, असं मनात आलं. तेवढ्यात परगावाहून आलेल्या एक चष्मेवाल्या आजी डॉक्टरांना घेऊन पेटीसमोर उभ्या राहिल्या.

“हा पुतळा कोणाचा हो?” त्यांनी विचारलं. “तुमच्या कंपाउंडरचा?”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. अंगठा सुटलेला त्यांना दिसला असणार, त्यांच्या नजरेतून कड्याबाबत काही सुटत नाही. मी ओळखीचा शब्द ऐकायच्या तयारीने बसलो.

“नाही,” ते म्हणाले. “हा आमचा जावई.”

मी अंगठा गुपचूप पुन्हा कड्यात सरकवला आणि श्वास रोखून बसून राहिलो.

आजींनी चष्मा सावरला, वाकून काचेतून हात बारकाईने पाहिला, मग माझा चेहरा पाहिला.

“हात अगदी हुबेहूब आलाय,” त्या म्हणाल्या. “चेहऱ्याला मात्र घाई केलेली दिसते.”